वास आढळला नाही

त्या गाडीच्या जॉब कार्डवर मी दोनदा एकच वाक्य लिहिलं. 'वास आढळला नाही.' खाली सही केली, वेळ टाकली आणि चावी काउंटरवर ठेवली. दोन्ही वेळा मला मनापासून वाटत होतं की मी खरं तेच लिहितोय.

जळगावात हायवेला लागून आमचं वर्कशॉप आहे. मी मूळचा जामनेरकडचा. बारा वर्षं डिझेलच्या गाड्यांवर काम केलं. इलेक्ट्रिक गाड्या यायला लागल्या तेव्हा मालकांनी आमच्यातल्या दोघांना आठवडाभराच्या ट्रेनिंगला पाठवलं. परत आलो तो लॅपटॉप घेऊनच. डिझेलच्या गाडीचं बोनेट उघडलं की कान द्यायचा, हात लावायचा, बोटाला लागलेलं तेल नाकाशी न्यायचं. इलेक्ट्रिक गाडीला वायर जोडायची आणि पडद्यावर काय येतं ते वाचायचं. मला ते आवडलं होतं. हात स्वच्छ राहायचे. बायको म्हणायची, तुमच्या कपड्यांना आता वास येत नाही.

एप्रिल संपत आला होता तेव्हा आबा पहिल्यांदा आले. सत्तरीच्या जवळ आलेले, ताठ, इस्त्रीचा पांढरा शर्ट. एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर होते. राहायला मेहरूणला. मी पहिल्या दिवसापासून त्यांना आबाच म्हणालो, इकडे त्या वयाच्या माणसाला दुसरं काय म्हणणार. गाडी त्यांच्या मुलाची होती. मुलानं पुण्यात दोन वर्षं वापरली, मग नवी घेतली आणि ही कितीतरी महिने सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उभीच ठेवली. आई आजारी पडली तेव्हा ती जळगावला आणून दिली.

"गाडीत जळक्या रबराचा वास येतो म्हणते बायको," आबा म्हणाले.

"तुम्हाला येतो का?"

"मला नाही येत."

"कधी येतो म्हणतात त्या?"

"धुळ्याच्या वाटेवर. एरंडोल सुटलं की."

धुळ्याला त्यांच्या बायकोला, अक्कांना, शेक चालू होता. कॅन्सरच्या पेशंटला मशीनवर झोपवून देतात तो. पोटाच्या खालच्या भागात गाठ होती. आधी केमो झाली, आता शेक. सोमवार ते शुक्रवार रोज जायचं, रोज यायचं, असे पाच आठवडे. मेहरूणपासून धुळ्याच्या दवाखान्यापर्यंत दोन तास लागायचे, तिथे मशीनवर दहा मिनिटं, आणि परत दोन तास.

हे सगळं सांगून झाल्यावर आबाच म्हणाले, "केमोनं नाक बिघडतं म्हणतात. तिला हल्ली सगळ्याचाच वास येतो. साबणाचा येतो, फोडणीचा येतो, माझ्या शर्टाचा येतो. आता हा."

एवढं ऐकलं आणि माझं तिथेच ठरलं. अजून मी गाडीजवळ गेलोही नव्हतो.

तरी काम केलं. लॅपटॉप लावला. बॅटरी ठीक, मोटार ठीक, एसीचा कॉम्प्रेसर ठीक. एकही फॉल्ट नाही. बोनेटखाली उंदरानं वायर कुरतडली आहे का पाहिलं, कारण आमच्याकडे जळकट वासाच्या निम्म्या तक्रारी उंदराच्या असतात. गाडीखाली प्लास्टिकची पिशवी चिकटून वितळली आहे का तेही पाहिलं. मग ट्रायल घेतली. हायवेनं पुढे जाऊन परत आलो, चार किलोमीटर असेल. काचा वर, एसी बंद, नाक उघडं. काही नाही.

आबांना सांगितलं होतं की दुपारपर्यंत देतो. दिली संध्याकाळी, कारण मध्ये दुसरं काम आलं. त्या दिवशीचा शेक बुडाला.  आबांनी जॉब कार्डवर सही केली आणि गाडी घेऊन गेले.

आठ-दहा दिवसांनी पुन्हा आले. वास येतोच आहे म्हणाले, म्हणजे ती म्हणते. या वेळी त्यांनी स्वतःहून आणखी दोन गोष्टी सांगितल्या. गाडी थोडी डावीकडे ओढते. आणि पूर्वी धुळ्याहून परत आल्यावर बॅटरीत जेवढं उरायचं तेवढं आता उरत नाही.

तीस वर्षं बस चालवलेला माणूस हे सांगत होता. मी काय केलं? डावीकडे ओढते म्हणून चाकांची अलाइनमेंट करून दिली. बॅटरीबद्दल म्हणालो, "आबा, मे महिना आहे. पंचेचाळीस डिग्रीत एसी फुल्ल चालतो. उरेल कुठून?"

ते हसले. "खरं आहे," म्हणाले.

वासासाठी मी पुन्हा लॅपटॉप लावला, पुन्हा ट्रायल घेतली. चाक मात्र खोललं नाही.  चाक खोलायला दहा मिनिटं लागतात. मी ते करू शकत होतो आणि केलं नाही, कारण बाईचं नाक बिघडलंय हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. अलाइनमेंटच्या मशीनवर नंबर लागला होता म्हणून गाडी दोन दिवस आमच्याकडे राहिली. त्यातल्या पहिल्या दिवशी आबा अक्कांना एसटीनं घेऊन निघाले. पारोळ्याच्या स्टँडवर अक्कांना चक्कर आली. लोकांनी सावलीत निजवलं, पाणी मारलं, आणि आबा तिथूनच त्यांना परत घेऊन आले. दुसऱ्या दिवशी गेलेच नाहीत. हे मला नंतर कळलं. म्हणजे माझ्या दोन वाक्यांपायी त्यांचे तीन दिवस गेले.

तिसऱ्या वेळी अक्का स्वतः आल्या.

शनिवार होता. गाडी गेटच्या आत येऊन थांबली आणि डावीकडच्या दारातून एक बाई अगदी हळू उतरल्या. अंगावरचं नऊवारी इतकं सैल झालं होतं की कुणा दुसरीचं नेसल्यासारखं वाटत होतं. डोक्यावर पदर घट्ट ओढलेला, खाली केस नाहीत हे दिसू नये म्हणून. आबा धरायला गेले तर त्यांचा हात बाजूला केला. सुपरवायझर काउंटरमागून म्हणाला, "आल्या बघ वासवाल्या बाई." हळू म्हणाला, पण त्या अंतरावर ऐकू जाईल इतकंच हळू.

अक्का सरळ माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तूच का तो वास नही म्हननारा?"

मी म्हणालो, "अक्का, मी दोनदा तपासली गाडी."

"भाऊ, माले सहा महिना बठ्ठासनी असंच सांगं. गॅस शे. वय व्हयनं. काही नही शे." सहा महिने सगळ्यांनी त्यांना हेच ऐकवलं होतं, असं त्या अहिराणीत सांगत होत्या, पण आवाज चढला नव्हता. दम लागत होता म्हणून थांबून थांबून बोलत होत्या. "मी सांगू, आठे दुखस. त्या म्हनेत, काही नही शे. आते दख, काय निंघनं ते."

त्यांनी पोटावर हात ठेवला आणि काढला.

"ते मशीन लावू नको. सोमवारले मन्हासंगे चाल."

आबा मागे उभे होते. खाली मान घालून चावी बोटांत फिरवत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सोमवारी माझी साप्ताहिक सुट्टी असते. मी येतो म्हणालो. दयेनं म्हणालो असतो तर एक वेळ बरं होतं. खरं तर मला त्या बाईंच्या समोरून लवकर सुटायचं होतं.

सोमवारी सकाळी सातला मी मेहरूणला त्यांच्या घरी गेलो. पिशवीत पाना, जॅक, टॉर्च, पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या. मागच्या सीटवर बसलो. अक्का पुढे बसल्या, काच अर्धी खाली घेतली. आबांनी गाडी काढली आणि पहिल्या पाच मिनिटांतच मला एक गोष्ट दिसली, जी दोन्ही ट्रायलमध्ये दिसणं शक्यच नव्हतं.

आबा ब्रेक दाबत होते.

इलेक्ट्रिक गाडीत अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटारच गाडीला मागे धरते आणि तेवढ्यात बॅटरीत थोडं चार्जही जातं. आम्ही वर्कशॉपवाले असेच चालवतो, एका पायानं. ब्रेकला पाय लागतच नाही. आबांना ते आवडायचं नाही. गाडी आपल्या मनानं थांबते असं त्यांना वाटायचं, म्हणून त्यांनी ती सोय कमीत कमी ठेवली होती आणि एसटी चालवावी तशी गाडी चालवत होते. पाय टाकून, दाबून, पूर्ण उभी करून. मी मात्र दोन्ही ट्रायलमध्ये सवयीनं ती सोय वाढवून घेतली होती आणि ब्रेक बहुतेक एकदाही नीट दाबला नव्हता.

चाक खोलायला हवं होतं हे तेव्हाच कळलं. पण अजून वास आला नव्हता.

पाळधी गेलं. काही नाही. एरंडोलच्या अलीकडे एका ट्रकनं मध्येच अंग घातलं, आबांनी करकचून ब्रेक मारला, मग गावातले गतिरोधक आले. एरंडोल सुटलं. मी घड्याळ पाहत होतो. आठ मिनिटं झाली असतील.

"उना," अक्का म्हणाल्या. आला.

मी नाक पुढे केलं. मला काही येत नव्हतं. अक्कांनी पदर नाकाला लावला. आबा समोर पाहत चालवत राहिले. आणखी दोन मिनिटं गेली, आणि मग मलाही आला. आधी अगदी बारीक, तापलेल्या डांबरासारखा. मग स्पष्ट. जळकं रबर.

"आबा, गाडी बाजूला घ्या," मी म्हणालो. "ब्रेक न दाबता घ्या."

पारोळ्याच्या अलीकडे एका निंबाखाली गाडी थांबली. मी उतरून चाकांजवळून फिरलो. मागची दोन्ही थंड. पुढचं उजवं कोमट. पुढच्या डाव्या चाकाजवळ हात नेला आणि तसाच मागे घेतला. चुलीसमोर बसल्यासारखी धग येत होती. बाटलीतलं पाणी शिंपडलं तर चर्रकन आवाज झाला. टॉर्च मारून आत पाहिलं. ब्रेकची डिस्क तापून निळसर पडली होती, आणि तिला दोन्ही बाजूंनी धरणारा जो लोखंडी चिमटा असतो त्याच्या पिनवरचं रबरी टोपण वितळून धुरकटत होतं.

सगळं इतकं साधं होतं. ब्रेक दाबला की चिमटा आवळतो, सोडला की त्या पिनवरून सरकून सैल होतो. गाडी पुण्यात पावसात उभी राहिली तेव्हा पिन गंजली. आबांच्या हाती येईपर्यंत गाडीचा ब्रेक कुणी जोरानं वापरलाच नाही म्हणून गंज कळलाही नाही. आबांच्या पायाखाली चिमटा आवळायचा आणि सुटायचा नाही. चाक मग अख्ख्या रस्त्यानं ब्रेक घासत फिरायचं. म्हणून गाडी डावीकडे ओढायची. म्हणून बॅटरी उरायची नाही. लॅपटॉपला यातलं काहीच कळत नाही, कारण पिनला वायर नसते.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "अक्का, तुमचं बरोबर होतं."

त्यांनी फक्त मान हलवली. दार उघडून, पाय बाहेर टाकून बसल्या होत्या. जिंकल्यासारखं काही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं.

तोवर आबा चाकाजवळ गुडघ्यावर बसले होते. वाकून त्यांनी तोंड जवळजवळ चाकाला लावलं. धूर त्यांच्या चेहऱ्यावरून जात होता आणि ते श्वास ओढत होते. एकदा, दोनदा, तीनदा. मी म्हणालो, "आबा, भाजेल, मागे व्हा." ते मागे झाले नाहीत.

"मला काहीच येत नाही रे," ते म्हणाले.

मला आधी वाटलं ते गाडीबद्दल बोलतायत.

"काहीच येत नाही. त्या कोरोनात गेलं ते गेलंच. हा धूर दिसतोय, वास नाही."

 एक टँकर जवळून गेला आणि गाडी हलली. अक्का नवऱ्याकडे पाहत होत्या. तेव्हापासून चार वर्षं एका घरात राहून त्यांना हे माहीत नव्हतं. आपण वास येतो म्हटलं की हा माणूस येत नाही म्हणतो, म्हणजे आपल्याला खोटं ठरवतो, असंच त्या आजवर धरून चालल्या होत्या.

"मंग माले का बरं नही सांगं?"

"कोणाला सांगू?" आबा मराठीतच बोलले, जणू मला उत्तर देत होते. "तीस वर्षं नाकावर बस चालवली. क्लच जळतोय की ब्रेकचं लायनर, वासावरून सांगायचो. डेपोत पोरं मला बोलवायला यायची."

"आन् भरीत?" अक्कांनी विचारलं. "चार वरीस मन्हा हातनं भरीत खाईसन बेस शे, बेस शे म्हनतस, ते काय व्हतं?"

 आबा खाली पाहून म्हणाले, "तुले वाईट वाटी म्हनीसन."

अक्कांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. मी जॅक काढायच्या निमित्तानं मागे गेलो. डिकी उघडी ठेवून उगाच तिथे उभा राहिलो. वर्कशॉपमध्ये लोकांची भांडणं ऐकायची सवय असते, पण हे भांडण नव्हतं. या बाईंना डॉक्टरांनी सहा महिने खोटं ठरवलं, मग मी ठरवलं, आणि ज्याच्या शब्दावर मी ठरवलं त्या माणसाला वास येत नव्हता, एवढंच होतं.

चाक थंड होईपर्यंत वीस मिनिटं गेली. मी चाक खोललं, पण पिन हलेना. माझ्याकडे तिथे तेवढी हत्यारं नव्हती. कसाबसा चिमटा सैल करून, ब्रेक न वापरता, सायकलच्या वेगानं गाडी पारोळ्यात आणली. मी चालवत होतो. हायवेवर एका मुसलमान मिस्त्रींचं ब्रेकचं दुकान होतं. ट्रॉल्या आणि टेम्पोंचं काम. साठीचे असतील. इलेक्ट्रिक गाडी त्यांनी आजवर खोलली नव्हती, तसं म्हणालेही. पण मी पिन दाखवली तर हसले. "ये तो वही पुराना ब्रेक है, भाऊ. याला बॅटरीशी काय घेणं?"

त्यांनी पिन तापवून, ठोकून बाहेर काढली. पॉलिश कागदानं घासली. काळं पडलेलं रबर पकडीनं ओढलं तर हातात भुगा आला. तसलं टोपण त्यांच्याकडे नव्हतं. ग्रीस भरून पिन बसवली, दोनदा सरकवून दाखवली, आणि म्हणाले की आज निभेल, उद्या नवा सेट टाका. सगळा वेळ अक्का त्यांच्या दुकानातल्या लाकडी बाकावर आडव्या झाल्या होत्या. मिस्त्रींनी घरातून उशी मागवून दिली होती.

धुळ्याला पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. शेकाचा नंबर सकाळी दहाचा होता. खिडकीवरचा माणूस वाईट नव्हता. त्यानं यादी दाखवली. आता सगळ्यांचं झाल्यावर, शेवटी, असं म्हणाला. आम्ही साडेचारपर्यंत त्या लांबट खोलीत बसलो. पंखे गरम हवा फेकत होते. अक्का भिंतीला टेकून डोळे मिटून होत्या. आबा त्यांच्याशेजारी बसून होते, एक खुर्ची सोडून.  एकदा मी पाण्याची बाटली भरायला उठलो, परत आलो तर आबा त्या मधल्या खुर्चीवर सरकले होते.

शेक झाला. परतीच्या वाटेवर गाडी मी चालवली. कुठेही वास आला नाही. मी अक्कांना दोन-तीनदा विचारलं, आता येतो का? त्यांनी नाही म्हटलं. एरंडोलनंतर विचारलं तेव्हा त्यांना झोप लागली होती.

दुसऱ्या दिवशी अक्कांना शेजाऱ्यांच्या गाडीतून पाठवलं आणि आम्ही काम पूर्ण केलं. पुढच्या दोन्ही चाकांच्या पिना, टोपणं, पॅड आणि डावी डिस्क बदलली. उजवी पिनही गंजायला लागली होती. या वेळी आबांच्या पद्धतीनं, पाय टाकून ब्रेक दाबत, पाळधीपर्यंत जाऊन आलो, उतरून चारही चाकांना हात लावला. गाडी बरी झाली होती.

मग सुपरवायझरनं जॉब कार्ड पुढे केलं.

"आधीची दोन कार्डं याला जोडलेली आहेत," तो म्हणाला. "दोन्हींवर तुझी सही. आता इथे काय लिहिणार?"

मी म्हणालो, जे झालं ते.

"वेडा आहेस का? वर पाठवायचंय हे. लिही, ग्राहकाच्या चालवण्याच्या सवयीमुळे ब्रेक गरम."

ते पूर्ण खोटं नव्हतं, आणि म्हणूनच लिहिता आलं. माझी नोकरी होती, मुलीची शाळा होती. मी लिहिलं. आबांनी खाली सही केली. सही करताना त्यांनी चष्मा लावला नाही, खिशात होता तरी. मी वाचून दाखवलं नाही.

अक्कांचा शेक मे संपता संपता पुरा झाला. पावसाळ्यात त्या थोड्या सावरल्या असं ऐकलं, मग पुन्हा दुखायला लागलं. गणपती उठले त्याच्या पुढच्या आठवड्यात त्या गेल्या. मला वर्कशॉपमध्ये तिसऱ्या दिवशी कळलं, आबांच्या शेजारचा एक जण स्कूटर घेऊन आला होता त्याच्याकडून. त्या दिवशी काम झालं नाही माझ्याकडून. दहाव्याला मेहरूणला गेलो.

घरात माणसं होती. पुण्याचा मुलगा, सून, गावाकडचे नातेवाईक. आबा बाहेरच्या ओट्यावर बसले होते, दाढी वाढलेली. मी शेजारी बसलो. जे विचारायला आलो होतो ते विचारायला धीर होईना. शेवटी विचारलं.

"आबा, ते तीन दिवस शेक चुकला. त्यानं काही..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"मीही विचारलं होतं डॉक्टरांना. ते म्हणाले, तेवढ्यानं काही होत नाही. पुढे दिवस वाढवून दिले होते." मग म्हणाले, "पण ते तिलाही काही नाही, काही नाही म्हणायचे. आता कोणाचं खरं धरू?"

 कार्डावर काय लिहिलं होतं ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "असू दे," म्हणाले. माफ केलं असं त्यांनी म्हटलं नाही आणि मला तसं वाटलंही नाही. आतून कुणीतरी त्यांना जेवायला बोलावलं. ते उठले, मला चल म्हणाले. ताटात वरण-भात होता. आबा मुकाट्यानं खात होते. सुनेनं विचारलं, "मीठ बरोबर आहे ना?" आबांनी मान हलवून हो म्हटलं. मुलगा समोर बसून जेवत होता. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

मी जेवण अर्ध्यावर सोडून त्याला बाहेर घेऊन आलो आणि सांगितलं की तुझ्या वडिलांना चार वर्षांपासून वास येत नाही. घरात गॅस सुटला तर त्यांना कळणार नाही. एकटे ठेवू नकोस.  तो म्हणाला, "आईला माहीत होतं?"

"मे महिन्यापासून," मी म्हणालो.

दिवाळीच्या आधी तो आबांना पुण्याला घेऊन गेला. आबांना जायचं नव्हतं असं शेजारी सांगतात. गाडी विकली, कुणाला ते माहीत नाही. मी अजून त्याच वर्कशॉपमध्ये आहे. मध्यंतरी एका बाईंनी तक्रार आणली की गाडीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो, नवऱ्याला येत नाही. मी त्यांना विचारलं की तो कुठल्या रस्त्यावर येतो, आणि त्यांच्याबरोबर गेलो. अडीच तास फिरलो. आवाज आला नाही. सुपरवायझर चिडला. मी कार्डावर लिहिलं की मला ऐकू आला नाही, पुन्हा जाणार आहे.

आबांचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. मी अजून लावलेला नाही.